पाहुणेसरांचा विषय

विद्यापीठात पहिला मोठा संगणक आला तेव्हा बाई गणित विभागात नुकत्याच लागल्या होत्या. त्यांना सगळेच बाई म्हणत. विद्यार्थी म्हणत, शिपाई म्हणत, कुलगुरू म्हणत, आणि चेष्टेच्या लहरीत त्यांची आईही म्हणायची. संगणक तळघरात बसवला होता. तिथे बारा महिने थंडी असायची, म्हणून बाईंचा एक जाड स्वेटर दाराच्या मागे कायमचा टांगलेला असे.

परीक्षांचे निकाल यंत्रावर लावायचं ठरलं. यंत्राने ते झटपट लावलेही. पण जाहीर व्हायला मात्र नेहमीपेक्षा जास्त उशीर झाला, कारण परीक्षा विभागातले कारकून दार लावून सगळी बेरीज पुन्हा हाताने करत बसले होते. कुलगुरू भडकले. चौकशीसाठी त्यांनी दोन माणसं नेमली. यंत्र कळतं म्हणून बाई, आणि हिशेब कळतो म्हणून वाणिज्य विभागातले एक तरुण व्याख्याते.

बाईंनी प्रोग्रॅमची ओळन् ओळ तपासली. चूक सापडेना. व्याख्याते मात्र परीक्षा विभागात एक खुर्ची ओढून नुसते बसून राहिले. कुणाला काही विचारत नव्हते, चहा आला की घेत होते. शेवटी त्यांनी बाईंना येऊन सांगितलं, की गुणपत्रिकेवर सही कारकुनाची असते. आकडा चुकला तर पालक त्याच्या टेबलावर येऊन आदळतात, तळघरात कोणी जात नाही. मग तो बेरीज करणार नाही तर काय करणार?

"म्हणजे यंत्र बरोबर आहे आणि माणसंही बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. "मग घोडं अडलं कुठे?"

"तेच तर कुठल्याच विभागात शिकवत नाहीत," ते म्हणाले.

त्या एका वाक्यावर दोघांची पुढची वर्षं गेली. संगणकवाल्यांना यंत्राशी मतलब होता, वाणिज्यवाल्यांना त्यातून निघणाऱ्या अहवालाशी. मधल्या जागेत काय घडतं, कोण काय मागतो, कोणाला काय मिळतं आणि मिळालेलं तो का वापरत नाही, याला वालीच नव्हता. बाहेरदेशी काही ठिकाणी याचा अभ्यास सुरू झाला होता आणि त्याला माहिती प्रणाली असं नाव पडलं होतं. हा आपल्याकडे स्वतंत्र विषय व्हायला हवा, असं दोघांनी मनावर घेतलं.

त्यासाठी ते बाईंच्या घरी बसत. बाईंनी लग्न केलं नव्हतं. घरात आई आणि धाकटी बहीण. धाकटी शाळेत चित्रकला शिकवायची. व्याख्याते ज्या कुठल्या कचेरीत बसून आलेले असत तिथली माणसं ते जेवताना वर्णन करून सांगत, आणि धाकटी एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने त्या माणसांची चित्रं काढी. न पाहिलेल्या माणसाचं नाक हुबेहूब यायचं. आईच्या सगळं आधीच लक्षात आलं होतं. बाईंच्या लक्षात आलं तेव्हा साखरपुड्याची तारीख ठरत होती. "चौकशीला आला आणि जावई होऊन बसला," असं आई पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

विषयाचं लग्न मात्र सहजासहजी जमेना. संगणक विभागाचे प्रमुख भर सभेत म्हणाले, "थोडं आमचं, थोडं वाणिज्यचं, थोडं मानसशास्त्र. एक ना धड, भाराभर चिंध्या." वाणिज्यवाले म्हणाले, हे मेकॅनिक लोक आमच्यात कशाला? संगणकवाले म्हणत, हे कारकून आमच्यात कशाला? दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्यांची गत होती. ही म्हण कुणीतरी व्याख्यात्यांना उद्देशून म्हटली आणि ते कायम परक्या कचेऱ्यांतच दिसत असल्यामुळे विद्यार्थ्यांनी ती उचलली. तेव्हापासून ते पाहुणेसर झाले. त्यांना ते नाव आवडायचं.

अखेर जिन्याखालची जुनी सामानाची खोली मिळाली आणि विभाग सुरू झाला. बाई प्रमुख झाल्या. परिषदांमध्ये त्यांच्या निबंधांना दुपारच्या जेवणानंतरची वेळ मिळे, श्रोते पेंगत असत. तरी चार-दोन हुशार विद्यार्थी आले, आणि विभाग तगला.

मग ती विद्यापरिषदेची सभा झाली. बाई विभागासाठी आणखी दोन जागा मागायला गेल्या होत्या. पदार्थविज्ञानाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक, माणूस सज्जन, टोमणा मारण्याचा स्वभाव नाही, त्यांनी अगदी कुतूहलाने विचारलं, "तुमच्या विषयाचा स्वतःचा असा एखादा सिद्धांत सांगता का? दुसऱ्या कुणाकडून न आणलेला?" बाई उभ्या होत्या. त्यांना परीक्षा विभाग आठवला, सहीची गोष्ट आठवली, पण त्याला सिद्धांत कसं म्हणायचं? त्या काहीतरी बोलल्या आणि खाली बसल्या. जागा मिळाल्या नाहीत. घरी येताना त्यांचे कान तापले होते आणि ते पुढे बरीच वर्षं तापलेलेच राहिले.

त्यानंतर बाई बदलल्या. विषयाला मान मिळवायचा तर तो मोजता आला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. प्रश्नावल्या, शेकड्यांनी उत्तरं, संख्याशास्त्राच्या कसोट्या, मान्यताप्राप्त नियतकालिकांत लेख. विभागातल्या प्रत्येकाने याच वाटेने जायचं, बढतीही त्यावरच. त्यात त्यांचा स्वार्थ नव्हता. पहाटे उठून त्या नवख्या व्याख्यात्यांचे लेख सुधारून देत, स्वतःचं नाव न घालता. पाच-सहा वर्षांत बाहेरची नियतकालिकं त्यांचे लेख घेऊ लागली. विभागाला जिन्याखालून वरच्या मजल्यावर जागा मिळाली, खिडक्यांसकट.

पाहुणेसर मात्र शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात जाऊन बसले होते. तिथे तक्रारींसाठी नवी प्रणाली आली होती. ठरलेल्या वेळात तक्रार मिटली नाही, तर वरिष्ठांच्या पडद्यावर तिच्यापुढे लाल खूण उमटायची. थोड्याच दिवसांत अहवाल उत्तम येऊ लागले आणि लोकांच्या नळाला मात्र पाणी नव्हतं. लाल खूण येण्याआधी तक्रार मिटली असं नोंदवायचं आणि सकाळी तीच नव्याने दाखल करायची, अशी तिथली रीत पडली होती. अभियंता वरिष्ठांना भीत होता, वरिष्ठ त्यांच्या वरच्यांना. फसवायचं म्हणून कोणीच फसवत नव्हतं. पाहुणेसर तिथे काही वर्षं जात राहिले आणि त्यांनी त्यावर चांगला जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात एकही तक्ता नव्हता.

बाईंनी त्यांना समजावून पाहिलं होतं. त्याचे तुकडे करून लेख काढा, शंभर कार्यालयांना प्रश्नावली पाठवा, आकडे घाला. पाहुणेसर म्हणत, की शंभर कार्यालयं मला खोटं सांगतील. इथे निदान एक कार्यालय मला विसरून गेलंय. बाईंना हे बोलणं पटे आणि त्याचाच राग येई.

मग पाहुणेसरांच्या प्राध्यापकपदाची वेळ आली. बाहेरून तज्ज्ञ येणार होते. आदल्या दिवशी धाकटी बाईंकडे आली. विषय काढला नाही. आईच्या चष्म्याविषयी बोलली, शाळेच्या प्रदर्शनाविषयी बोलली. निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "ताई, उद्या तू असशील ना तिथे?"

"असणारच. प्रमुख आहे मी."

"मग बरंय," धाकटी म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत पाहुणेसर समोर बसले होते आणि तो ग्रंथ टेबलाच्या मधोमध होता. एका तज्ज्ञांनी तो हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि विचारलं, "हे संशोधन म्हणायचं की गोष्ट?" कोणीतरी हसलं. मग सगळे बाईंकडे पाहू लागले, कारण उत्तर द्यायचा अधिकार त्यांचा होता.

बाईंना सांगता आलं असतं, की या विषयाचा जन्मच अशा एका गोष्टीतून झालाय. त्या तेव्हा म्हणाल्या, "लेखन चांगलं आहे. पण आमच्या विषयाची आजची दिशा वेगळी आहे."

एवढंच. आवाज चढवला नाही की वाईट शब्द काढला नाही. तज्ज्ञांनी मान डोलावली आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

पाहुणेसरांनी भांडण केलं नाही. सत्र संपेपर्यंत शिकवलं, उत्तरपत्रिका वेळेत तपासून दिल्या आणि राजीनामा दिला. औषधांच्या दुकानांसाठी प्रोग्रॅम करणारी एक लहान कंपनी होती. दुकानादुकानांत जाऊन ते बसवून द्यायचं काम त्यांनी धरलं आणि धाकटीला घेऊन ते शेजारच्या गावी राहायला गेले. एवढा शिकलेला माणूस दुकानाच्या गल्ल्यामागे वायर ओढत बसतो, म्हणून लोक हळहळले, आणि विसरले.

धाकटीने येणंजाणं तोडलं नाही. आईसाठी ती नियमाने यायची. एकदा जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "ताई, तुम्ही चहा घेणार का?" बाईंना वाटलं, चेष्टा करतेय. पण ती चेष्टा नव्हती. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. आईनेच एकदा विचारलं, "धाकटी तुला अहोजाहो कधीपासून करायला लागली गं?" बाई म्हणाल्या, "मोठं माणूस झाले ना मी." आईने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. आई वारली तेव्हाही धाकटीने सगळं व्यवस्थित केलं, बाईंच्या पाठीवर हातसुद्धा फिरवला, पण म्हणाली, "सावरा, ताई."

विभाग वाढत गेला. स्वतःची इमारत झाली. बाई देशभरच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. ज्या परिषदेत कधी पेंगणाऱ्यांपुढे बोलल्या होत्या, तिचं उद्घाटन त्यांच्या हस्ते होऊ लागलं. तिथे एका वर्षी त्यांचा जुना विद्यार्थी भेटला. मोठ्या बँकेच्या संगणक खात्याचा तो प्रमुख झाला होता. त्याने वाकून नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली. बाईंनी विचारलं, आमचं नियतकालिक वाचतोस ना? तो ओशाळला. मागवतो म्हणाला. मग म्हणाला, "बाई, खरं सांगू? त्यात आमच्या कामाचं काही सापडत नाही. माझ्याकडे परवा एक मोठी प्रणाली सपशेल आपटली. लोक वापरेचनात. पाहुणेसर असते तर आठवडाभर येऊन बसा म्हटलं असतं."

त्या दिवशी हॉटेलच्या खोलीवर गेल्यावर बाईंना एक गोष्ट कळली, जी खरं तर त्यांना कायमच ठाऊक होती. तो ग्रंथ त्यांनी वाचलेला नव्हता. प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाचून बाकीचा चाळला होता. परत आल्यावर त्यांनी ग्रंथालयातून तो काढला आणि पहिल्यापासून वाचला. वाचताना कुठे कुठे त्यांना हसू आलं. एका प्रकरणात वरिष्ठ साहेब लाल खुणेच्या भीतीने सकाळी पडदा लगेच सुरू करत नाहीत, आधी देवाला करावा तसा त्याला नमस्कार करतात, असं होतं. आणि जवळजवळ शेवटी, तळटिपेसारखं, पाहुणेसरांनी लिहिलं होतं, की कुठलीही प्रणाली माणसांच्या आपसातल्या भीतीवर नाहीतर विश्वासावर उभी असते, आणि यंत्र आणलं की जे असेल ते दुप्पट होतं. बाईंनी पुस्तक मिटलं. पदार्थविज्ञानाच्या त्या प्राध्यापकांना हे एवढं सांगता आलं असतं. पण ते वारूनही बराच काळ लोटला होता.

त्याच सुमारास विद्यापीठात कुजबुज सुरू झाली. संगणक विभागात आता माणसं आणि यंत्रं यांच्या संबंधांवर नवं केंद्र निघालं होतं, व्यवस्थापन विभागाने स्वतःचा अभ्यासक्रम काढला होता. मग माहिती प्रणालीला वेगळी चूल कशाला? निम्मे लोक इकडे, निम्मे तिकडे, असा प्रस्ताव आला. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांनी विद्यापरिषदेपुढे येऊन बोलावं, असं विभागाने विनवलं.

बाई बस पकडून धाकटीच्या गावी गेल्या. घर लहान आणि नीटनेटकं होतं. पाहुणेसरांचे केस पांढरे झाले होते, गुडघे दुखत होते, पण ते खुशीत दिसले. बाईंनी येण्याचं कारण सांगितलं. तुम्ही माझ्याबरोबर चला, या विषयाचं मर्म तुमच्या ग्रंथात आहे, ते तुम्हीच सांगा, असं म्हणाल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "तो मी तेव्हा नीट वाचलासुद्धा नव्हता."

"माहीत होतं मला," पाहुणेसर म्हणाले. "त्याचंच बरं वाटायचं. म्हटलं, वाचला असता तर वेगळं बोलल्या असत्या. वाचूनही तेच बोलल्या असत्या, तर मग माझ्याकडे काय उरलं असतं?"

ते पुढे म्हणाले, की आपल्याला राग नाही, तेव्हाही फार नव्हता. पण आता त्या परिषदेत जाऊन उभं राहावं असंही काही वाटत नाही. पाणीपुरवठ्यातली ती माणसं कधीच निवृत्त झाली, प्रणाली तर दोनदा बदलली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुठल्याशा दुकानात बिलं निघत नव्हती. "बसा, जेवूनच जा," असं बाईंना सांगून त्यांनी पिशवी उचलली आणि ते गेले.

दोघी बहिणी राहिल्या. धाकटी मटार सोलत होती. बाईंनी ताट पुढे ओढून हात लावला.

"ते रागावले नाहीत म्हणाले," बाई म्हणाल्या.

"नाहीतच. मी रागावलेय." धाकटीने मान वर केली नाही. "पदाचं मला काही नव्हतं, ताई. पद नाही मिळालं तरी हे कुठेतरी जाऊन बसलेच असते. पण त्या दिवसापासून हे घरी बोलायचे बंद झाले. आधी जेवायला बसलं की उठवत नसे, आज कोण भेटलं, कोण कसं बोललं. नंतर मी विचारायचे, कसं झालं आज? तर म्हणायचे, झालं. दुकानात जातात, तिथे बघत असतील, सवय थोडीच जाते? पण ते सांगायचं असतं, हेच त्यांच्यातून गेलं. कुणीतरी गोष्ट म्हणून हसलं होतं ना, ते त्यांनी घरी आणलं."

"मी नव्हते हसले," बाई म्हणाल्या.

"तुम्ही गप्प बसलात."

"गप्पही नाही बसले. बोलले."

"हो," धाकटी म्हणाली. "ते मला माहीत आहे." आणि तिने सालं उचलून बाहेर नेली.

परिषदेत बाई एकट्याच गेल्या. त्यांनी परीक्षा विभागाची गोष्ट सांगितली, पाणीपुरवठ्याची सांगितली, ग्रंथातलं ते वाक्यही वाचून दाखवलं. सभासदांनी शांतपणे ऐकून घेतलं. एका तरुण सदस्याने विचारलं, की हे फारच चांगलं आहे, पण गेल्या वीस वर्षांतल्या तुमच्या विभागाच्या लेखांत असं काम कुठे दिसतं? बाई म्हणाल्या, "दिसत नाही. ते मीच होऊ दिलं नाही." सभागृहात जरा चुळबुळ झाली. प्रस्ताव मंजूर झाला. विभाग बंद करताना कोणालाही नोकरीवरून काढलं नाही, अन्याय असा कोणावर झाला नाही. निम्मे खालच्या इमारतीत संगणक विभागात गेले, निम्मे रस्त्यापलीकडे व्यवस्थापन विभागात. आता दोन्हीकडे तोच विषय वेगवेगळ्या नावांनी शिकवतात आणि एकमेकांचं वाचत नाहीत.

बाई अधूनमधून धाकटीकडे जातात. धाकटी दार उघडते, "या" म्हणते, त्यांच्या गुडघ्याला चालेल अशी उंच खुर्ची पुढे करते. पाहुणेसर घरी असले तर तिघं एकत्र जेवतात. पाऊसपाणी, औषधांच्या किमती, शेजारच्या बांधकामाचा धुरळा, सगळं बोलणं होतं. एकदा बाईंनी मुद्दाम विषय काढला. तुम्ही हल्ली ज्या मोठ्या दुकानात जाता, तिथली माणसं कशी आहेत, म्हणून विचारलं. धाकटीचा हात ताटातच थांबला. पाहुणेसरांनी क्षणभर विचार केला. खरंच काहीतरी आठवलं असावं, कारण त्यांच्या डोळ्यांत किंचित हसू आलं होतं.

"चांगली आहेत," ते म्हणाले, आणि त्यांनी भाताची वाटी बाईंच्या बाजूला सरकवली.